सरपण की वासा? मेदाम्ल (फॅटी अ‍ॅसिड) प्रकल्पाच्या नोंदी

३ जून २०२४, सोमवार

प्रश्न काकांचा. वय अठ्ठावन्न, आमच्या धावण्याच्या गटातले सगळ्यांत जुने. काल लांब पळणं झाल्यावर त्यांनी पिशवीतून दोन बाटल्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. एकीत माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, दुसरीत एमसीटी तेल. दोन्हींच्या वेष्टनावर दम वाढवण्याचं आश्वासन. "तू यातलंच शिकतेस ना? मग सांग, खरं काय." मी तिथल्या तिथे दोन वाक्यं बोलले आणि घरी पोचेपर्यंत ती दोन्ही मला पोकळ वाटायला लागली.

मॅडमना (माझ्या प्रकल्पाच्या मार्गदर्शक) विचारलं, प्रकल्पाचा विषय हाच घेऊ का? म्हणाल्या, "घे. पण आधी महिनाभर वाचायचं. चाचणीचा आराखडा नंतर."

पहिली नोंद स्वतःसाठी: दोन्ही बाटल्यांत मेदाम्लंच आहेत, पण आडनाव एक असलं तरी घरं वेगळी. एमसीटी म्हणजे ८ ते १० कार्बनच्या मध्यम साखळ्या. त्या आतड्यातून थेट यकृताच्या शिरेत जातात, लवकर जळतात. माशाच्या तेलात ओमेगा-३ नावाची दोन मेदाम्लं, ईपीए २० कार्बनचं आणि डीएचए २२ कार्बनचं. ती लांब साखळी शरीर शक्यतो जाळत बसत नाही, पेशींच्या पडद्यांत बसवतं. एक सरपण, दुसरा घराचा वासा. काकांना आधी हे समजावून सांगायला हवं होतं.

५ जून, बुधवार

सरपणाचा हिशेब आधी संपवते.

एक ग्रॅम मेदातून ९ किलोकॅलरी मिळतात. सपाटीवर धावताना ढोबळमानाने वजनाच्या दर किलोमागे दर किलोमीटरला १ किलोकॅलरी लागते, म्हणजे ६० किलोच्या धावपटूला किलोमीटरमागे ६०. एका ग्रॅमची एक कॅप्सूल पूर्ण जळली, तरी त्यावर तो १५० मीटर जाईल. आठ कॅप्सूलवर १,२०० मीटर. अंगावर आधीच किती आहे? याच धावपटूच्या शरीरात १० टक्के मेद धरला तर ६ किलो, म्हणजे पन्नास हजार किलोकॅलरींच्या आसपास. स्नायू आणि यकृतातलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेलं कर्बोदक, मात्र जेमतेम दोन हजार किलोकॅलरींचं. भिंतीवर आपटल्यासारखं पाय थांबतात ते ग्लायकोजेन संपत आल्यामुळे. मेद कधीच संपलेला नसतो.

म्हणून इंधन म्हणून मेदाची गोळी घेणं मला पटत नाही. कोठार भरलेलं असताना मूठभर धान्य आणून टाकायचं. खरी अडचण कोठारातून माल काढण्याच्या वेगाची आहे.

६ जून, गुरुवार

सरांना (गटाचे प्रशिक्षक) कालचा हिशेब दाखवला. त्यांचा प्रश्न रास्त होता: "मग मेद जास्त जाळायची सवय लावली तर ग्लायकोजेन वाचेल की नाही?"

वाचतं. १९७७ मध्ये कॉस्टिल आणि सहकाऱ्यांनी हे दाखवलं. धावण्याआधी मेदयुक्त आहार आणि हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) देऊन रक्तातली मुक्त मेदाम्लं वाढवली, तेव्हा अर्ध्या तासाच्या धावण्यात स्नायूतलं ग्लायकोजेन ४० टक्के कमी खर्च झालं. त्यानंतरची कित्येक वर्षं लोक याच आकड्यामागे लागले. पण हेपारिन टोचून कुणी शर्यतीला उभं राहत नाही, आणि ग्लायकोजेन वाचलं म्हणजे शर्यत जिंकली असंही नाही.

दुसरी बाजू प्राणवायूची. एक लिटर प्राणवायूवर कर्बोदकातून सुमारे ५.०५ किलोकॅलरी मिळतात, मेदातून ४.६९. म्हणजे तेवढ्याच ऊर्जेसाठी मेदाला साधारण ८ टक्के जास्त प्राणवायू लागतो. रमतगमत पळताना हा फरक जाणवत नाही. ज्याचा श्वास आधीच शेवटच्या पायरीवर आहे, त्याला हेच ८ टक्के मागे खेचतात. लुईस बर्क यांच्या २०१७ च्या अभ्यासात जागतिक दर्जाच्या चालण्याच्या स्पर्धकांनी तीन आठवडे अत्यंत कमी कर्बोदकांचा, मेदप्रधान आहार घेतला. मेद जाळण्याचा वेग त्यांनी विलक्षण वाढवला, पण त्याच वेगाने चालायला त्यांना जास्त प्राणवायू लागू लागला. कर्बोदकं घेणाऱ्यांची १० किलोमीटरची वेळ सुधारली, यांची सुधारली नाही. तेवढेच कष्ट, तेवढाच सराव.

सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, हे मुलांना मी सांगतो, माझं ऐकतील.

१० जून, सोमवार

एमसीटीवर दोन दिवस गेले. दोन अभ्यास शेजारी ठेवले की चित्र कळतं.

१९९६ चा व्हॅन झायल यांचा: सहा सायकलपटू, दोन तास मध्यम जोर, लगेच ४० किलोमीटर जोरात. नुसतं ग्लुकोज पिऊन ६६.८ मिनिटं. नुसतं एमसीटी पिऊन ७२.१. दोन्ही एकत्र पिऊन ६५.१. या शेवटच्या आकड्यावर एमसीटीची सगळी कीर्ती उभी आहे.

१९९८ चा युकेंड्रुप यांचा: जवळपास तेवढंच एमसीटी, सुमारे ८५ ग्रॅम. कर्बोदकात मिसळून काही फायदा नाही. नुसतं एमसीटी घेतलेल्यांची कामगिरी घसरली, पोटंही बिघडली. नंतरच्या अभ्यासांतही पहिला फायदा पुन्हा भक्कमपणे दिसला नाही.

पोटाची बाब मला निर्णायक वाटते. साधारण ३० ग्रॅमच्या पुढे बहुतेकांना एमसीटी झेपत नाही, आणि ३० ग्रॅम म्हणजे २५०-२७० किलोकॅलरी, लांब शर्यतीच्या खर्चात ती कुठल्या कुठे विरून जाते. जेवढं पोटाला चालतं तेवढं कमी पडतं, आणि पुरेल एवढं पोट ठेवून घेत नाही. काकांची दुसरी बाटली आज निकालात काढली. प्रकल्पातून एमसीटी वगळलं.

१३ जून, गुरुवार

आता वासा.

ईपीए आणि डीएचए पेशीपडद्यात बसतात, हृदयाच्या स्नायूतही. पडदा बदलला की त्यातून आयन (विद्युतभार असलेले कण) ये-जा करण्याची रीत बदलते, आणि हृदयाची लय त्यावर चालते. २००५ मध्ये मोझफ्फेरियन यांनी ३० चाचण्या एकत्र करून पाहिलं, तेव्हा माशाच्या तेलाने विश्रांतीतला ठोका मिनिटाला सरासरी १.६ ने उतरला होता. आकडा बारीक आहे, पण गोळीचा काहीतरी खरा परिणाम होतो हे त्यातून कळतं.

खेळाडूंवरचा मला सर्वांत आवडलेला अभ्यास पीपल्स आणि सहकाऱ्यांचा, २००८ चा. चांगले सराव असलेले १६ सायकलपटू, आठ आठवडे, रोज ८ ग्रॅम माशाचं तेल किंवा ऑलिव्ह तेल. माशाच्या तेलाच्या गटात व्यायामातला ठोका उतरला, प्राणवायूचा वापरही उतरला. आणि थकून थांबेपर्यंतचा वेळ? तेवढाच राहिला.

ही शेवटची ओळ मी तीनदा वाचली. काम तेच, प्राणवायू कमी, पण दम तेवढाच. पहिल्यांदा निराश झाले. मग वाटलं, कदाचित दम मोजायचं मापच इतकं ढिलं आहे की असा फरक त्यात सापडणार नाही. उद्या हे तपासायचं.

१४ जून, शुक्रवार

सापडलं. युकेंड्रुप यांनीच १९९६ मध्ये मापांची परीक्षा घेतली होती. ठरावीक जोरावर थकेपर्यंत सायकल चालवायची, हे माप त्याच माणसात पुन्हा पुन्हा घेतलं तर २६.६ टक्के हलतं. ठरलेलं काम शक्य तितक्या लवकर संपवायचं, म्हणजे टाइम ट्रायल, हे माप ३.४ टक्क्यांच्या आसपास हलतं.

२६ टक्के! आज पन्नास मिनिटं टिकलेला माणूस उद्या काहीही न घेता चाळीसवर थांबू शकतो किंवा साठपर्यंत जाऊ शकतो. अशा तराजूवर दोन टक्के तोलायला निघालो तर हाती काय लागणार? "थकेपर्यंतचा वेळ बदलला नाही" याचा अर्थ "फायदा नाही" असा लावायची घाई मी करणार नाही. "फायदा आहे" असंही म्हणता येत नाही, हेही तितकंच लिहून ठेवते.

१८ जून, मंगळवार

मॅडमसोबत बैठक. मी क्रॉसओव्हर आराखडा घेऊन गेले होते: प्रत्येक धावपटू आधी तेल घेईल, मग चार आठवडे काही नाही, मग साधी गोळी. कमी माणसांत काम होतं, प्रत्येकाची तुलना स्वतःशीच होते.

मॅडमनी एकच विचारलं, "तांबडी पेशी किती दिवस जगते?"

सुमारे १२० दिवस. चार आठवड्यांत त्यातल्या पाव पेशी बदलतील, उरलेल्यांच्या पडद्यांत तेल अजून बरंचसं मुरलेलंच असेल. ज्या माणसाला मी 'कोरा' समजणार होते तो अजून तेलकटच. सरपण असतं तर रात्रीत राख झाली असती, पण वासा असा चार आठवड्यांत उपटून निघत नाही. म्हणजे माझीच उपमा मला लावता आली नाही. क्रॉसओव्हर रद्द. दोन स्वतंत्र गट, सोळा आठवडे.

आणि रक्तातला ओमेगा-३ निर्देशांक मोजायचाच. तांबड्या पेशींच्या पडद्यातल्या एकूण मेदाम्लांत ईपीए आणि डीएचए मिळून किती टक्के, हा तो आकडा. हॅरिस आणि व्हॉन शाकी यांनी २००४ मध्ये मांडला: ४ च्या खाली कमी, ८ च्या वर चांगला. हे न मोजता गोळ्या वाटणं म्हणजे टाकीत किती पाणी आहे हे न बघता नळ सोडणं. ज्याचा निर्देशांक आधीच ९ आहे त्याच्यात काय फरक दिसणार? खरं तर असे फार थोडे निघतील. २०१४ मध्ये व्हॉन शाकी यांनी १०६ जर्मन हिवाळी क्रीडापटू तपासले, त्यांतला एकच ८ ते ११ च्या पट्ट्यात होता. शरीराची एवढी काळजी घेणारी माणसं, तरी ही अवस्था.

२१ जून, शुक्रवार

गटातल्या सहा जणांनी सांगितलं, आम्ही शाकाहारी आहोत, माशाचं तेल घेणार नाही. एकीने विचारलं, "ताई, मी जवस खाते, त्यात ओमेगा-३ असतंच की?"

असतं, पण ते एएलए, १८ कार्बनचं. शरीराला त्याची साखळी लांबवून ईपीए-डीएचए करावं लागतं, आणि हे रूपांतर फार थोडं होतं, डीएचएपर्यंत तर त्याहूनही थोडं. बायकांत पुरुषांपेक्षा जरा बरं. पण माशाच्या अंगात तरी हे कुठून येतं? सूक्ष्म शैवालातून. मग मासा मधून काढून टाकता येतो. सगळ्यांनाच शैवालाचं तेल द्यायचं ठरवलं, कॅप्सूलचं आवरणही वनस्पतिजन्य. सहा जणांना बाजूला ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं, आणि त्यांनाच बहुधा सगळ्यांत जास्त उपयोगाचं.

२५ जून, मंगळवार

वेष्टनं वाचण्याचा दिवस. नेहमीच्या माशाच्या तेलाच्या कॅप्सूलवर ठळक अक्षरांत १००० मिलिग्रॅम. मागे बारीक अक्षरांत ईपीए १८०, डीएचए १२०. कामाचा माल ३००, उरलेले ७०० इतर मेद. रोज २ ग्रॅम ईपीए-डीएचए हवं असेल तर अशा सात कॅप्सूल. गटातल्या बहुतेकांना वाटत होतं की एका कॅप्सूलमध्ये एक ग्रॅम ओमेगा-३ आहे. फसवणूक म्हणता येणार नाही, सगळं छापलेलं आहे. पण ठळक आणि बारीक अक्षरांचा हा खेळ मला आवडत नाही. माहितीपत्रकात हा मुद्दा पहिला येईल.

काकांची एक कॅप्सूल कात्रीने कापून वास घेतला. जुन्या रंगासारखा उग्र. डीएचएच्या साखळीत सहा दुहेरी बंध असतात, आणि प्रत्येक बंधाजवळ हवेतल्या प्राणवायूला शिरायला फट. तेल खवट होतं ते असं. खवटपणा मोजणारे, चांगल्या तेलाचे मान्य आकडे: पेरॉक्साइड ५ पर्यंत, अ‍ॅनिसिडिन २० पर्यंत, आणि पहिल्याची दुप्पट अधिक दुसरा मिळून २६ पर्यंत. पुरवठादाराकडून प्रत्येक तुकडीचं प्रमाणपत्र घेतल्याशिवाय एकही गोळी वाटणार नाही. उत्तेजक द्रव्यांच्या भेसळीची स्वतंत्र तपासणीही हवी. ओमेगा-३ वर बंदी नाही, पण गोळीत दुसरं काही निघालं तर जबाबदारी खेळाडूची धरतात.

२ जुलै, मंगळवार

आजचा दिवस जड गेला.

मात्रा ठरवायला बसले होते. रोज ४ ग्रॅम घ्यावी, परिणाम दिसायचा असेल तर लवकर दिसेल, असं मनात होतं. मग हृदयरोगावरच्या मोठ्या चाचण्या उघडल्या. रिड्यूस-इट, रोज ४ ग्रॅम शुद्ध ईपीए: एट्रियल फिब्रिलेशनमुळे, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडल्यामुळे, रुग्णालयात दाखल होणारे ३.१ टक्के, दुसऱ्या गटात २.१. स्ट्रेंथ, २०२०, हीच मात्रा, ईपीए आणि डीएचए दोन्ही: नव्याने फिब्रिलेशन २.२ टक्के, दुसऱ्या गटात १.३. ही माणसं हृदयविकाराचा धोका असलेली होती, धावपटू नव्हती. पण वर्षानुवर्षं लांब पल्ल्याचा सराव करणाऱ्यांत फिब्रिलेशन इतरांपेक्षा जास्त आढळतं, हे वेगळं माहीत आहेच. दोन धोके शेजारी उभे असताना मी ४ ग्रॅम लिहू शकत नाही. मात्रा २ ग्रॅम.

त्यानंतर सहभागाची प्रश्नावली लिहिली. छातीत धडधड होते का? रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का? लिहिताना काका डोळ्यांसमोर आले. चढावर कधीकधी छातीत फडफड होते, असं ते सहज बोलून गेले होते. संध्याकाळी फोन केला. "काका, तुम्ही या चाचणीत नाही. आणि गोळ्या आजपासून बंद, आधी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा." बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "प्रश्न माझाच होता गं."

४ जुलै, गुरुवार

संख्याशास्त्राने जमिनीवर आणलं. टाइम ट्रायल ३.४ टक्क्यांनी हलते, मग आधी-नंतरचा फरक, दोन्ही मापांचं हलणं मिळून, ४.८ ने. दोन टक्क्यांची सुधारणा ८० टक्के खात्रीने पकडायला प्रत्येक गटात नव्वदच्या वर माणसं लागतील. माझ्याकडे एकूण २२.

ठरलेल्या वेगाला लागणारा प्राणवायू मोजला तर? ते माप २ टक्क्यांनी हलतं असं धरलं तर प्रत्येक गटात तीसेक. तेही नाहीत. पण अंतर बरंच कमी झालं. शिवाय परिणाम दिसलाच तर तो इथेच दिसावा. २०२३ मध्ये टॉमचिक यांच्या अभ्यासात हौशी धावपटूंना बारा आठवडे सरावासोबत रोज सुमारे ३.१ ग्रॅम ईपीए-डीएचए दिलं, तेव्हा निर्देशांक ५.८ वरून ११.६ वर गेला आणि ताशी १२ किलोमीटरच्या वेगाला लागणारा प्राणवायू कमी झाला. तुलनेच्या गटाला काय दिलं होतं? एमसीटी. काकांच्या दोन्ही बाटल्या एकाच अभ्यासात भेटल्या.

मॅडमना स्पष्ट सांगितलं: माझी चाचणी "दम वाढतो का" याचं उत्तर देणार नाही. याला प्राथमिक चाचणीच म्हणायचं. निर्देशांक किती चढतो, आणि एकाच वेगाला प्राणवायू व ठोका किती हलतो, एवढंच. त्या म्हणाल्या, शीर्षकातून 'कामगिरी' शब्द काढ. काढला. मनाला लागलं, पण तो शब्द ठेवणं खोटं झालं असतं.

११ जुलै, गुरुवार

नीतिसमितीची मंजुरी आली. दोन बदल सुचवले, दोन्ही योग्य.

तुलनेसाठी ऑलिव्ह तेल, तेच आवरण, तोच रंग. ढेकर येऊन कोणती गोळी ते ओळखू येऊ नये म्हणून दोन्हींत लिंबाचा वास, आणि गोळी जेवणासोबतच. प्रमाणपत्रातले आकडे वास मिसळण्याआधीच्या तेलाचे मागवले, कारण अशा वासाने अ‍ॅनिसिडिनचा आकडा फसवा येतो. सांकेतिक क्रमांक औषधनिर्मात्याकडे बंद पाकिटात, मला आणि सरांना माहीत नाहीत. शेवटी प्रत्येकाला विचारणार, तुम्हाला कोणती मिळाली असं वाटतं.

माहितीपत्रक एका पानात बसवलं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या २०१८ च्या निवेदनात कामगिरीसाठी चांगला पुरावा असलेली पाचच पूरकं आहेत: कॅफीन, क्रिएटिन, नायट्रेट, बीटा-अ‍ॅलनिन, सोडियम बायकार्बोनेट. त्यांत एकही मेदाम्ल नाही. हे वाक्य मध्यभागी ठेवलं. तरुण मुलांपैकी दोघांनी ते वाचून नाव काढून घेतलं. उरले २०. नाव काढणं त्यांचा हक्क आहे, पत्रकाने आपलं काम केलं.

२० जुलै, शनिवार

पहिलं मोजमाप. सकाळी साडेपाचला प्रयोगशाळा उघडली. बोटाला टोचून थेंब कागदावर, वाळवून पाकिटात. मग ट्रेडमिलवर सहा मिनिटं ताशी १० किलोमीटरच्या वेगाने, सहा मिनिटं १२ च्या. दोन जणींना मुखवटा सैल बसला, त्यांचं माप सोमवारी पुन्हा घ्यायचं.

काका आले होते. डॉक्टरांनी छातीला चोवीस तासांचं यंत्र लावलं आहे, अहवाल अजून यायचा. तोवर पळणं बंद. सकाळभर वही धरून ते प्रत्येकाचा ठोका लिहून घेत होते, माझ्यापेक्षा स्वच्छ अक्षरात. मी म्हटलं, काका, बसा थोडं. म्हणाले, "तू तुझं यंत्र बघ."

अठरा नमुने पूर्ण, दोन बाकी. पुढचं रक्त ९ नोव्हेंबरला.